स्वधर्माकडे परतण्याची वाट

जन्माने मिळालेल्या धर्मात माणसाला नव्याने प्रवेश करता येतो काय? प्रश्न वरवर विचित्र वाटतो. ज्या घरात माणूस आधीच राहतो त्या घराचे दार त्याने का ठोठवावे? तथापि धर्मजीवनाचा इतिहास पाहिला, तर असे दार ठोठावणारी माणसे पुष्कळ आढळतात. आणि त्यांच्या कथेत बहुधा कोठे तरी एक प्रवास असतो. हा प्रवास श्रद्धेला नेमके काय देतो आणि त्याने दिलेले खरे मानावे काय, हा येथील विचाराचा विषय आहे. कॅथलिक पंथाच्या संदर्भात तो अधिक तीव्र होतो. कारण या पंथात बाप्तिस्मा सामान्यतः तान्ह्या मुलाला दिला जातो. ज्याने अजून एक शब्दही उच्चारलेला नाही, त्याच्या वतीने आईबाप आणि धर्ममातापिता श्रद्धेची ग्वाही देतात. ती ग्वाही स्वतःच्या तोंडाने देण्याची वेळ प्रत्येकावर पुढे केव्हा तरी येते.

रायपूरमधील बूढापारा या जुन्या वस्तीशी प्रवास आणि श्रद्धा यांच्या नात्याची एक आठवण निगडित आहे. १८७७ साली विश्वनाथ दत्त या कलकत्त्याच्या वकिलाचे कुटुंब येथे राहावयास आले. त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा नरेंद्रनाथ हाच पुढे स्वामी विवेकानंद म्हणून जगाला ठाऊक झाला. त्या वेळी रायपूरपर्यंत रेल्वे पोचलेली नव्हती. वाटेचा मोठा भाग बैलगाडीने, घनदाट रानातून काटावा लागे. त्या वाटेवर कड्याच्या कपारीतले एक प्रचंड मधाचे पोळे पाहून हा मुलगा विश्वनियंत्याच्या विचारात इतका बुडाला, की काही काळ त्याला बाह्य जगाचे भान राहिले नाही, असे त्याचे चरित्रकार नमूद करतात. तो तीर्थयात्रेला निघालेला नव्हता, त्याला कोणी उपदेश केला नव्हता, आणि गाडीतून उतरताना त्याचा धर्म चढतानाच्याहून वेगळा नव्हता. तरीही जी गोष्ट त्याने घरी ऐकलेली होती ती त्या दिवशी त्याची स्वतःची झाली.

पुढे रेल्वे आली, आणि नागपूर ते रायपूर या मार्गावरील राजनांदगावाशी मराठी साहित्यातील एका मोठ्या धर्मप्रवासाचा आरंभ जोडला गेला. राजनांदगावाकडे निघालेल्या नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका परदेशी सहप्रवाशाने नवा करार वाचावयास दिला. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर घरात जो विरह आणि जी ओढाताण झाली ती लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे मराठी वाचकाला परिचित आहे. टिळक प्रॉटेस्टंट पंथात गेले. आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची पुढे भावना होती. त्यांचा प्रवास एका तीरावरून दुसऱ्या तीरावर झाला, म्हणून तो सर्वांना दिसला. ज्याला तीर बदलावयाचा नाही, आपल्याच तीरावर पाय टेकावयाचे आहेत, त्याचा प्रवास मात्र कोणाच्या नजरेस येत नाही.

बूढापाऱ्यापासून फार दूर नसलेल्या बैरन बाजारात संत जोसेफ कॅथीड्रल आहे. २००४ पासून रायपूर हे कॅथलिक महाधर्मप्रांताचे ठिकाण आहे. छत्तीसगडातील कॅथलिकांत उराव समाजाचा वाटा मोठा आहे. जशपूरच्या डोंगराळ मुलखातील या समाजात छोटा नागपुरातून पसरलेल्या जेझुइट मिशनच्या कार्यामुळे ख्रिस्ती धर्म रुजला. आज तेथील कुनकुरीचे भव्य कॅथीड्रल त्याची साक्ष देते. ज्यांच्या खापरपणज्यांनी बाप्तिस्मा घेतला होता अशा पिढ्या आता रायपुरात नोकरीधंदा करतात. त्यांना कोणीही धर्मांतरित केलेले नाही. ते त्या धर्मात जन्मले. मग त्यांचा ‘स्वधर्म’ कोणता? खापरपणज्याच्या पूर्वजांचा, की आईने मांडीवर शिकवलेल्या प्रार्थनेचा?

याच मुलखातील एका खटल्याने या प्रश्नाच्या एका बाजूला राष्ट्रीय महत्त्व आणले. १९६८ साली मध्य प्रदेशाने धर्मस्वातंत्र्य अधिनियम केला. बळजबरी, प्रलोभन किंवा फसवणूक यांनी केलेल्या धर्मांतराला त्याने बंदी घातली, आणि धर्मांतराचा विधी करणाऱ्यावर जिल्हा दंडाधिकाऱ्यांना त्याची सूचना देण्याचे बंधन आणले. त्याखाली बलौदा बाजार येथे रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांच्यावर खटला उभा राहिला, आणि घटनात्मक वैधतेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७७ साली सरन्यायाधीश अ. ना. रे यांच्या पीठाने निर्णय दिला, की घटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदातील प्रचाराच्या अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार अंतर्भूत नाही. त्या निर्णयावर विधिज्ञांत तेव्हापासून मतभेद आहेत. येथे त्यातली एकच बाजू पाहावयाची आहे. कायदा विचारतो: माणूस कोठून कोठे गेला, आणि त्याला कोणी नेले? कायद्याने एवढेच विचारावे हे योग्यही आहे. पण जो कोठेच गेला नाही, आणि तरीही ज्याचे अंतःकरण पालटले, त्याच्यासाठी दंडाधिकाऱ्यांच्या दप्तरात रकाना नाही. ज्या शब्दाचे भाषांतर धर्मांतर असे केले जाते त्याचा ख्रिस्ती परंपरेतील मूळ अर्थ मात्र ‘वळणे’ असा आहे. आणि ते वळणे सर्वप्रथम ख्रिस्ती माणसाकडूनच अपेक्षिलेले आहे.

स्वधर्म या शब्दावर मराठी मनाने बराच विचार केला आहे. मंडालेच्या तुरुंगात लोकमान्यांनी लिहिलेले ‘गीतारहस्य’ हिंदी वाचकांपर्यंत नेले ते रायपूर ही कर्मभूमी असलेल्या माधवराव सप्रे यांनी. गीतेतील स्वधर्म म्हणजे पंथ नव्हे, वाट्यास आलेले कर्तव्य होय. हा भेद लक्षात घेतला तर एक गोष्ट स्पष्ट होते: जे वाट्यास आले आहे ते आपोआप ‘स्व’ होत नाही. वडिलोपार्जित शेत सातबाऱ्यावर नावे चढले तरी त्यात नांगर घालीपर्यंत ते केवळ कागदावर आपले असते. श्रद्धेचेही तसेच आहे. ती एक तर मिळते, नाही तर मिळवावी लागते, अशी दुहेरी विभागणी सामान्यतः केली जाते. या दोहोंच्या मध्ये एक तिसरी अवस्था आहे: जे मिळालेले आहे ते जाणतेपणी स्वीकारण्याची. तीर्थयात्रेचे कार्य या तिसऱ्या अवस्थेशी संबंधित आहे.

याचे एक स्पष्ट उदाहरण फ्रान्समधील शार्ल द फुको यांचे आहे. १८५८ साली स्ट्रासबूर्ग येथे एका कॅथलिक घराण्यात त्यांचा जन्म झाला. सहाव्या वर्षी आईबापांचे छत्र हरपले, आणि सोळाव्या वर्षाच्या सुमारास श्रद्धाही गेली. सैन्यातील अधिकारी म्हणून त्यांची ख्याती चैनीसाठी होती. १८८३-८४ मध्ये ज्यू धर्मगुरूच्या वेषात त्यांनी मोरोक्कोचा दुर्गम प्रदेश पालथा घातला. त्या संशोधनासाठी त्यांना फ्रेंच भूगोल परिषदेचे सुवर्णपदक मिळाले. या धाडसी प्रवासात ध्यानीमनी नसलेली एक गोष्ट घडली. वाळवंटात दिवसातून पाच वेळा ईश्वरापुढे नतमस्तक होणारे मुसलमान त्यांनी पाहिले. ही माणसे ज्याच्या सान्निध्यात जगतात असे काही तरी खरोखर असेल काय, हा प्रश्न त्यांचा पिच्छा सोडीना. पॅरिसला परतल्यावर ते चर्चमध्ये जाऊन बसू लागले, आणि ईश्वर असेल तर त्याने आपली ओळख द्यावी, एवढीच याचना करू लागले.

१८८६ च्या ऑक्टोबर महिन्यात ते आबे ह्यूव्हलँ या धर्मगुरूंकडे गेले. आपल्याला धर्माविषयी शिकवावे, शंकांचे निरसन करावे, अशी त्यांची विनंती होती. ह्यूव्हलँ यांनी चर्चा न करता त्यांना गुडघे टेकून पापनिवेदन करावयास सांगितले. फुको यांनी ते केले आणि त्याच सकाळी ख्रिस्तशरीर स्वीकारले. दोन वर्षांनी याच धर्मगुरूंच्या सांगण्यावरून ते पवित्र भूमीच्या यात्रेस गेले. १८८८ चा नाताळ त्यांनी बेथलेहेमच्या परिसरात घालवला, आणि नंतर नाझरेथच्या गल्ल्यांतून ते हिंडले. ज्या येशूवर त्यांनी पुन्हा विश्वास ठेवला होता त्याने आयुष्यातील तीस वर्षे अशा एखाद्या गल्लीत, कोणाच्या लक्षात न येता, हातांनी काम करीत काढली होती, हे तेथे त्यांच्या मनावर ठसले. पुढच्या आयुष्याचा आकार त्यातून ठरला: मठवास, नाझरेथच्या संन्यासिनींच्या दारी गड्याचे काम, आणि अखेरीस सहारातील तमनरासेत येथे तुआरेग लोकांत एकाकी वास्तव्य. १ डिसेंबर १९१६ रोजी तेथेच त्यांची हत्या झाली. त्यांच्यामुळे ख्रिस्ती झालेली माणसे जवळजवळ नाहीत. त्यांनी केलेला तुआरेग भाषेचा विस्तृत शब्दकोश मात्र मागे राहिला. १५ मे २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिले. तामिळ भूमीतील देवसहायम यांनाही त्याच विधीत संतपद मिळाले.

या चरित्रातील क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. श्रद्धेची पहिली हाक त्यांना परधर्मीयांच्या प्रार्थनेतून ऐकू आली. दुसरी पायरी एका बंदिस्त चर्चमधील गुडघे टेकण्याची होती. आणि यात्रा तिसरी आली. यात्रेने ईश्वराच्या अस्तित्वाचा कोणताही पुरावा त्यांना दिला नाही. नाझरेथच्या धुळीत असा पुरावा सापडत नाही. ज्या सत्याला त्यांनी होकार दिला होता ते कसे जगावे, एवढेच यात्रेने दाखवले. एरवी श्रद्धा ही मताच्या रूपात राहते; आणि मत वादात जिंकता येते, हरता येते. यात्रेत ती पायांच्या, भुकेच्या आणि सोबतीच्या पातळीवर उतरते, आणि मग तिच्याविषयी वाद घालण्यापेक्षा तिच्याप्रमाणे वागण्याचा प्रश्न पुढे येतो.

यावर आक्षेप आहेत, आणि ते धर्माच्या आतूनच आलेले आहेत. चौथ्या शतकातील ग्रेगरी ऑफ निसा हे स्वतः जेरुसलेमला जाऊन आले. आणि परतल्यावर त्यांनी लिहिले, की स्थळ बदलल्याने ईश्वर जवळ येत नाही. अंतःकरण मलिन असेल तर पवित्र स्थळी उभे राहूनही माणूस दूरच असतो. मराठी परंपरेलाही ही शंका नवी नाही. नामदेवांच्या नावावरील तीर्थावळीच्या अभंगांत ज्ञानदेव त्यांना तीर्थाटनास घेऊन जातात. पण पंढरपूर सोडताना नामदेव व्याकूळ होतात, कारण त्यांना जे हवे ते विटेवरच उभे आहे. तीर्थाविषयीची ही साशंकता आणि तीर्थाची ओढ या दोन्ही एकाच परंपरेत सुखाने नांदतात, हे मात्र विसरता कामा नये. ग्रेगरींनी यात्रेच्या अंधविश्वासाला नकार दिला. पण ते बोलू शकले ते जाऊन आल्यामुळे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या सप्टेंबरातील जत्रेत मेणाचे हात, पाय, घरे, बाळे विकत मिळतात. ज्याला जे हवे त्याची मेणाची प्रतिमा तो मातेच्या चरणी वाहतो, आणि वाहणाऱ्यांत हिंदू, पारशी, मुसलमान असे सर्वच असतात. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांच्या दर्शनासाठी, २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत चाललेल्या सोहळ्यातही लांबच लांब रांगा लागल्या. ही श्रद्धा की देवाणघेवाण? टीकाकार म्हणतो, नवस हा सौदा आहे. त्यात तथ्य आहे. तरीही मेणाचा पाय हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाने एक गोष्ट चारचौघांत कबूल केलेली असते: आपल्याला गरज आहे आणि ती आपल्या हातून भागत नाही. सुशिक्षित माणसाची श्रद्धा बहुधा याच कबुलीच्या अभावी सुकते. त्याला ईश्वराविषयी मत असते. ईश्वराची गरज असल्याचे मान्य करणे त्याला अवघड जाते. रांगेत उभे राहिल्याने ही अडचण सुटतेच असे नाही, पण ती निदान उघडी पडते.

तिसरा आक्षेप सर्वांत कठीण आहे. यात्रेत परत सापडलेली श्रद्धा ही केवळ बालपणाची ओढ नसेल कशावरून? मेणबत्त्यांचा वास, आजीच्या हातातील जपमाळ, लहानपणी ऐकलेली गीते: यांनी डोळे भरून येतात, आणि माणूस त्या पाण्याला श्रद्धा समजतो. डॅनिश तत्त्वचिंतक किर्केगार्ड यांनी १८४३ साली ‘पुनरावृत्ती’ या कल्पनेवर एक ग्रंथ लिहून तिला स्मरणाहून वेगळे काढले. स्मरण मागे पाहते. पुनरावृत्ती तीच गोष्ट पुढच्या दिशेने पुन्हा हाती घेते. हा भेद येथे उपयोगी पडतो. डोळ्यांतील पाणी स्मरणाचे आहे की पुनरावृत्तीचे, हे यात्रेच्या ठिकाणी ठरत नाही. ते घरी परतल्यावर माणूस काय करतो त्यावरून ठरते.

कॅथलिक परंपरेने यासाठी एक अप्रिय कसोटी ठेवली आहे. मोठ्या तीर्थस्थळी पापनिवेदनासाठी रांगा लागतात. तेथे माणसाला आपला अपराध दुसऱ्या माणसापुढे शब्दांत मांडावा लागतो. आणि केवळ मांडून भागत नाही. ज्याचे लुबाडले त्याचे परत करावे, ज्याची बदनामी केली तिची भरपाई करावी, ही चर्चची शिकवण आहे. लूकच्या शुभवर्तमानातील जक्कय येशूला पाहण्यासाठी झाडावर चढला. पण त्याचे परतणे खरे ठरले ते लुबाडलेल्यांना चौपट परत देण्याची तयारी त्याने दाखवली तेव्हा. यात्रेहून आलेला माणूस मोलकरणीचा थकलेला पगार देतो काय, भावाशी दहा वर्षे बंद असलेले बोलणे सुरू करतो काय, या प्रश्नांपुढे डोळ्यांतील पाण्याची किंमत कळते. बालपणाची ओढ एवढा खर्च सहसा सोसत नाही.

दुसरी कसोटी परधर्मीयांशी असलेल्या वागणुकीची आहे. ज्याला आपली श्रद्धा केवळ वारशाची मालमत्ता म्हणून ठाऊक आहे, तो तिच्याभोवती कुंपण घालतो, कारण मालमत्ता चोरीला जाऊ शकते. ज्याने ती स्वतः स्वीकारली आहे त्याला कुंपणाची निकड भासत नाही. फुको यांना आपला धर्म परत मिळाला त्यात मुसलमानांच्या नमाजाचे ऋण होते, आणि ते त्यांनी कधी नाकारले नाही. महाराष्ट्रातही याचे उदाहरण आहे. फादर गी डलरी हे फ्रेंच जेझुइट आळंदीहून पंढरपूरची वाट वारकऱ्यांबरोबर चालले. तुकोबांचे अभंग त्यांनी १९५६ मध्ये फ्रेंचमध्ये नेले, आणि विठ्ठलसंप्रदायावरील त्यांचा ग्रंथ १९६० साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. सुमारे साडेचारशे वर्षांपूर्वी इंग्लंडहून गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओवीत सिद्ध केले होते. तेव्हापासून या भूमीतील कॅथलिकाची प्रार्थना आणि वारकऱ्याची ओवी यांचे कान एकमेकांना ओळखतात. दुसऱ्याच्या वाटेवर चालल्याने आपली वाट हरवते, हे भय अशा माणसांच्या चरित्रात खरे ठरलेले दिसत नाही.

आता पुन्हा छत्तीसगडाकडे वळता येईल. धर्म हा जेथे मोजणीचा, तक्रारीचा आणि निवडणुकीचा विषय होतो तेथे श्रद्धेवर एक वेगळेच संकट येते. अल्पसंख्य माणूस आपले नाव, आपले चर्च, आपली दफनभूमी राखण्यात गुंततो, आणि ते राखणे न्याय्यही असते. परंतु राखणदारी करता करता आत जाऊन बसावयाचे राहून जाते. बहुसंख्य माणसाचेही तेच होते: इतरांनी परतावे म्हणून तो आग्रह धरतो, आणि आपल्यालाही परतावयाचे आहे हे विसरतो. दोघेही दारात उभे असतात, आणि दोघांचीही पाठ घराकडे असते.

लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राच्या दाखल्यात दोन मुलगे आहेत. धाकटा दूर देशी गेला, सर्वस्व गमावून परतला, आणि बापाने त्याला पोटाशी धरले; एवढा भाग सर्वांच्या लक्षात राहतो. थोरला घर सोडून कधीच गेला नव्हता. त्याने सर्व आज्ञा पाळल्या, शेतात राबला, आणि भावाच्या स्वागताचा गाजावाजा ऐकून रागाने अंगणातच उभा राहिला. दाखल्याच्या शेवटी घराबाहेर आहे तो थोरला, आणि बाप बाहेर येऊन त्याची मनधरणी करीत आहे. तो आत गेला की नाही, हे शुभवर्तमानकार सांगत नाही. जन्माने मिळालेल्या धर्मात नव्याने प्रवेश करता येतो काय, या प्रश्नाचे उत्तर या अपुऱ्या शेवटात आहे. प्रवेश करता येतो; आणि जे कधीच दूर गेले नाहीत त्यांनाही तो करावाच लागतो. धाकट्याला त्यासाठी दूर देशातून चालत यावे लागले. थोरल्याला अंगण ओलांडावयाचे होते, आणि ते अंतर काही कमी लांब नव्हते.

याच शुभवर्तमानात यात्रेचीही एक कथा आहे. खचून गेलेले दोन शिष्य जेरुसलेम सोडून अम्माऊस गावाकडे निघतात. वाटेत एक अनोळखी सोबती त्यांच्याशी बोलत चालतो. दिवसभराच्या वाटचालीत ते त्याला ओळखत नाहीत. ओळखतात ते संध्याकाळी, घरात, ताटावर बसल्यावर, त्याने भाकर मोडली तेव्हा. आणि ओळख पटताच ते तेथे थांबत नाहीत. रात्र पडलेली असताना, ज्या शहरातून निराश होऊन निघाले होते त्याच शहराकडे, त्याच वाटेने ते माघारी चालू लागतात.